हार्डटेल की फुल सस्पेन्शन? सह्याद्रीत माउंटन बाइक चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या टेकड्या, मुळशी-पवनेचा परिसर आणि कोकणातले सडे या भागांत मी बरीच वर्षे माउंटन बाइक चालवतो आणि माझ्या सायकलींची दुरुस्ती शक्यतो घरीच करतो. नवी सायकल घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. ती आपली जमीन, आपला पाऊस आणि आपल्याकडे मिळणारी दुरुस्तीची सोय लक्षात घेऊन लिहिली आहेत, कारण परदेशी परीक्षणे वाचून केलेली निवड इथे चुकलेली मी अनेकदा पाहिली आहे.

या दोन प्रकारांत नेमका फरक काय?

हार्डटेलला फक्त पुढे शॉकअप असतो, म्हणजे सस्पेन्शन फोर्क. मागचा भाग फ्रेमला पक्का जोडलेला असतो. फुल सस्पेन्शनमध्ये पुढच्या फोर्कबरोबर मागच्या चाकालाही वर-खाली होण्याची मोकळीक असते. त्यासाठी मागचा त्रिकोण बेअरिंगवर फिरणाऱ्या सांध्यांनी, म्हणजे पिव्हटनी, पुढच्या त्रिकोणाला जोडतात आणि दोघांच्या मध्ये शॉक बसवतात. चाक जितके मिलिमीटर वर जाऊ शकते त्याला ट्रॅव्हल म्हणतात. चढ-उतारांच्या शर्यतींसाठीच्या हलक्या क्रॉस कंट्री सायकलींना साधारण १०० ते १२० मिलिमीटर, सर्वसाधारण वाटांसाठीच्या ट्रेल सायकलींना १२० ते १५०, खडतर उतारांसाठीच्या एन्ड्युरोला १५० ते १७० आणि निव्वळ उतारासाठी बनवलेल्या डाउनहिल सायकलींना २०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल असतो.

दुकानात पंधरा हजारांच्या आत ‘डबल शॉकर’ सायकल मिळते. तीही फुल सस्पेन्शनच ना?

दिसायला तशीच असली तरी कामात ती तशी नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आग्रहाने देतो. खऱ्या शॉकमध्ये दोन गोष्टी असतात. पहिली हवेची किंवा पोलादी स्प्रिंग आणि दुसरी डॅम्पिंग, म्हणजे तेल बारीक छिद्रांतून ढकलून स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणा. स्वस्त डबल शॉकरमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. दगडावरून गेल्यावर ती दबते आणि दबली तेवढ्याच जोराने परत उसळते, त्यामुळे मागचे चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी हवेत उडते. त्यात पिव्हटला बेअरिंग नसून प्लास्टिकच्या बुशमधून, म्हणजे छोट्या नळीसारख्या कड्यातून, गेलेला एक बोल्ट असतो आणि सगळी सायकल सहज अठरा-वीस किलो भरते.

माझी पहिली सायकल अशीच होती. तिसऱ्या महिन्यात मुळशीकडच्या एका कच्च्या उतारावर तिचा पिव्हटचा बोल्ट सैल पडला आणि मागचे चाक बोटभर डावी-उजवीकडे हलू लागले. सहा किलोमीटर सायकल ढकलत रस्त्यापर्यंत आलो. दुकानदाराने बोल्ट आवळून दिला, पण पंधरा दिवसांत तो पुन्हा सैल झाला, कारण तोवर फ्रेममधले गोल भोक झिजून लांबट झाले होते आणि त्याला आता कोणताही बोल्ट घट्ट धरू शकत नव्हता. एवढ्या पैशांत मागे शॉक नसलेली, साधा घट्ट फोर्क आणि चांगले टायर असलेली सायकल घेतलेली केव्हाही बरी.

सह्याद्रीच्या वाटांसाठी कोणती सायकल अधिक योग्य?

सह्याद्री म्हणजे एकच एक जमीन नव्हे, त्यामुळे वाटांचे तीन-चार प्रकार वेगळे धरून विचार करावा लागतो.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, पाषाण-बावधनकडे किंवा मावळात, बहुतेक वाटा मुरमाड आहेत. झिजलेल्या बेसॉल्टचा हा मुरूम कडक जमिनीवर सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखा पसरलेला असतो. इथे सायकल घसरते ती सस्पेन्शन अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर टायरला पकड न मिळाल्यामुळे. घसाऱ्याच्या वळणावर पुढचे चाक सुटले की मागे शॉक आहे की नाही याने फारसे काही बिघडत नाही. अशा वाटांसाठी १२० ते १३० मिलिमीटरचा चांगला फोर्क आणि रुंद टायर असलेली हार्डटेल पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटमाथ्यावरून खाली उतरणाऱ्या दगडी वाटा, बैलगाडीच्या जुन्या वाटा आणि ओढ्यांच्या पात्रांतले गोटे हा दुसरा प्रकार. बेसॉल्टचे धोंडे टोकदार असतात आणि बशीपासून टोपल्यापर्यंत कोणत्याही आकाराचे असतात. अशा उतारावर हार्डटेलचे मागचे चाक प्रत्येक धोंड्यावर आदळते, रिमला पोचे पडतात आणि अर्ध्या तासात पायांच्या पोटऱ्या भरून येतात. वेग कमी ठेवला तर हार्डटेलवरून उतरता येतेच, पण दर आठवड्याला असेच उतार करायचे असतील तर १३० ते १५० मिलिमीटरची फुल सस्पेन्शन सायकल ही चैन ठरत नाही.

तिसरा प्रकार जांभ्याचा. रत्नागिरी, देवगड, मालवणचे सडे, गोव्यातली पठारे आणि वर पाचगणी-महाबळेश्वर या भागांत जांभा दगड उघडा पडलेला आहे. लांबून सडा सपाट दिसतो, पण जवळून त्याचा पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा खाचखळग्यांचा असतो. मोठा धक्का क्वचितच बसतो, मात्र बारीक हादरे क्षणभरही थांबत नाहीत. हार्डटेलवर बसून पॅडल मारणे इथे सर्वांत त्रासदायक होते, कारण उभे राहून उतार संपवण्याची सोय नसते आणि दहा-दहा किलोमीटर बसूनच जावे लागते. फुल सस्पेन्शन म्हणजे उड्या मारणाऱ्यांची सायकल असा सर्वसाधारण समज आहे. सड्यावर मात्र तिचा खरा फायदा बसून, संथ, लांब पल्ल्याला जाणाऱ्याला होतो.

काळ्या मातीच्या शेतवाटांबद्दल वेगळे लिहिण्यासारखे फार नाही. कोरड्या दिवसांत कोणतीही सायकल चालते आणि पावसानंतर एकही चालत नाही. ओल्या वाटेवर चाकांनी चर पाडून ठेवले की ते उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात, म्हणून त्या दिवसांत अशा वाटांवर जाऊच नये. किल्ल्यांच्या पायऱ्या, फुलांच्या दिवसांतले सडे आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांनी गजबजलेल्या वेताळ टेकडीच्या वाटा यांनाही हेच लागू आहे. तिथे आपल्या हौसेपेक्षा जागेचा आणि चालणाऱ्यांचा हक्क मोठा आहे.

फुल सस्पेन्शन चढावर दम काढते, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. डांबरी घाटात किंवा गुळगुळीत कच्च्या रस्त्यावर पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर मागचा शॉक थोडा दबतो व उठतो आणि त्यात काही श्रम वाया जातात. शिवाय त्याच किमतीच्या हार्डटेलपेक्षा फुल सस्पेन्शन सायकल साधारण दीड-दोन किलो जड असते. परंतु आताच्या फ्रेममध्ये पिव्हटच्या जागा अशा ठरवलेल्या असतात की चेनचा ताण शॉकच्या दबण्याला विरोध करतो, आणि बहुतेक शॉकना चढासाठी एक खटका असतो, तो ओढला की शॉक जवळजवळ कडक होतो.

खडबडीत चढाची गोष्ट निराळी आहे. दगड आणि मुळांच्या तीव्र चढावर हार्डटेलचे मागचे चाक आदळून क्षणभर सुटते, त्याच क्षणी पॅडलवरचा जोर वाया जाऊन चाक जागच्या जागी फिरते आणि पाय टेकावा लागतो. फुल सस्पेन्शनचे चाक दगडाबरोबर वर-खाली होत जमिनीला चिकटून राहते. माझ्या नेहमीच्या एका चढावर मधोमध सलग चार दगडी पायऱ्या आहेत. हार्डटेलवर ती जागा मला दहातून तीन-चार वेळाच साधते, फुल सस्पेन्शनवर बहुतेक वेळा साधते. पायांतली ताकद दोन्ही वेळा तीच असते.

माझ्याकडे ऐंशी हजार रुपये आहेत. काय घ्यावे?

हार्डटेल. भरवशाचा शॉक, बेअरिंगचे पिव्हट आणि बरे ब्रेक असलेली नवी फुल सस्पेन्शन सायकल आपल्याकडे सर्वसाधारणपणे दीड लाखाच्या आसपास सुरू होते. त्याखालच्या किमतीत मागचा शॉक बसवायचा म्हणून कंपनीला कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो बहुधा फोर्क, ब्रेक आणि चाकांवर आखडला जातो. पुढचा फोर्क नीट काम करत नसेल तर मागच्या शॉकचा उपयोग नाही, कारण सायकलला दिशा पुढचे चाक देते.

ऐंशी हजारांच्या हार्डटेलमध्ये मी या क्रमाने पाहीन: रिबाउंड (दबल्यावर परत उसळण्याचा वेग) जुळवता येणारा हवेचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ट्यूबलेस होऊ शकणारे रिम आणि शेवटी गिअर. बरेच जण उलट्या क्रमाने पाहतात, कारण गिअरची संख्या जाहिरातीत ठळक छापलेली असते. पैसे उरले तर ते ड्रॉपर पोस्टवर, म्हणजे हँडलवरच्या खटक्याने सीट खाली-वर करणाऱ्या दांड्यावर, खर्च करावेत. तीव्र उतारावर सीट मार्गातून बाजूला गेली की मिळणारा धीर मागच्या शॉकने मिळणाऱ्या धीरापेक्षा कमी नसतो.

पावसाळ्यात फुल सस्पेन्शन सायकलीची देखभाल किती करावी लागते?

दुकानात जेवढी सांगतात त्याहून पुष्कळ जास्त. एका फ्रेममध्ये पिव्हटची आठ-दहा बेअरिंग असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सायकल चिखलात, पाण्यात आणि ओल्या हवेत असते. एका वर्षी मी जुलै-ऑगस्टभर मुळशी आणि ताम्हिणीच्या बाजूला सायकल चालवली, प्रत्येक फेरीनंतर बाहेरून स्वच्छ धुतली आणि सप्टेंबरअखेर पिव्हट उघडले. खालच्या मुख्य पिव्हटमधून ग्रीसऐवजी चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ निघाला. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवून पाहिले, तर एक कसेबसे कचकचत फिरले आणि दुसरे जागचे हललेच नाही. बाहेरून मात्र सायकल अगदी नव्यासारखी दिसत होती.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. पहिला, गाड्या धुण्याच्या केंद्रातला जोरदार फवारा पिव्हट, हब आणि फोर्कच्या सीलवर कधीही मारू द्यायचा नाही, कारण तो चिखल काढण्याबरोबर पाणी आत ढकलतो आणि ग्रीस बाहेर काढतो. बादली, मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. दुसरा, पावसाळ्याआधी आणि नंतर पिव्हट उघडून, पुसून, ग्रीस लावून, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचे.

बेअरिंग बदलावी लागली तर घाबरण्याचे कारण नाही. त्यांच्या सीलवर क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. हे क्रमांक औद्योगिक बेअरिंग विकणाऱ्या दुकानांतही मिळतात. पिव्हटसाठी काही फ्रेममध्ये पिंजरा नसलेली, गोळ्यांनी पूर्ण भरलेली बेअरिंग वापरतात. ती जास्त भार सोसतात, पण प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. साधे बेअरिंग मापात बसते आणि चालते, फक्त लवकर झिजते. मागच्या शॉकच्या आतल्या सर्व्हिसचे काम मात्र जाणकाराकडेच द्यावे, कारण आत दाबाखालची हवा असते आणि घाईने उघडलेला शॉक इजा करू शकतो.

हार्डटेलला यातले बहुतेक काही नसते. फोर्कच्या खालच्या नळ्यांचे तेल आणि सील तिलाही बदलावे लागते, आणि काही कंपन्या ते दर ५० तासांच्या वापरानंतर करायला सांगतात. ज्याच्या गावात सायकलचा चांगला मेकॅनिक नाही आणि ज्याला स्वतः पाना हातात धरायचा नाही, त्याने केवळ एवढ्या कारणासाठी हार्डटेल घेतली तरी तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे.

माझे वजन ५० किलो आहे. फुल सस्पेन्शन माझ्यासाठी फार कडक होईल का?

हवेचा शॉक असेल तर होणार नाही, मात्र तो तुमच्या वजनाला जुळवून घ्यावा लागेल. नवी सायकल दुकानातून येते तेव्हा शॉकमधली हवा कोणा भलत्याच वजनासाठी भरलेली असते आणि पुष्कळ लोक वर्षानुवर्षे तशीच चालवतात. माझ्या ओळखीच्या एका ताई वर्षभर तक्रार करत होत्या की फुल सस्पेन्शन घेऊनही दचके तसेच बसतात. पाहिले तर त्यांच्या शॉकमध्ये नव्वद किलोच्या माणसाला पुरेल एवढी हवा होती.

जुळवणी पाच मिनिटांची आहे. हेल्मेट, पाण्याची पिशवी असा नेहमीचा सगळा सरंजाम घालून भिंतीला हात टेकून सायकलवर बसावे, शॉकच्या दांड्यावरचे रबरी कडे सीलला चिकटवावे, पुन्हा एकदा हळूच पूर्ण वजन टाकावे आणि उसळी न घेता उतरावे. कडे किती सरकले ते मोजावे. यालाच सॅग म्हणतात. मागे तो २५ ते ३० टक्के आणि पुढे १५ ते २० टक्के असावा. शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकणारा असेल तर कडे १३ ते १५ मिलिमीटरवर यायला हवे. जास्त सरकले तर हवा भरावी, कमी सरकले तर थोडी सोडावी. यासाठी उच्च दाबाचा वेगळा शॉक पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही. तो सायकलीबरोबरच विकत घ्यावा. वजन कमी असेल तर रिबाउंडचा खटकाही सैल बाजूला न्यावा लागतो, नाहीतर कमी हवेचा शॉक फार सावकाश परततो.

हार्डटेलवर शिकलेला माणूस चांगला सायकलस्वार होतो, असे म्हणतात. ते पटते का?

बऱ्याच अंशी पटते. हार्डटेल चूक लगेच दाखवते. दगड कुठून ओलांडायचा, गुडघे आणि कोपर केव्हा सैल सोडायचे, ब्रेक दगडावर लावायचा की दगडाच्या आधी, हे सगळे ती पहिल्या दोन महिन्यांत शिकवते. त्याबरोबर एक तांत्रिक फरकही समजून घ्यावा. हार्डटेलचा फोर्क दबला की सायकल पुढे झुकते आणि हँडलचा कोन अधिक उभा होतो, म्हणजे तीव्र उतारावर जिथे स्थैर्य हवे तिथेच ते थोडे कमी होते. फुल सस्पेन्शनमध्ये पुढचा-मागचा दोन्ही भाग दबतात, म्हणून सायकलीचा तोल तेवढा बदलत नाही. त्यामुळे वयाच्या पंचेचाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याला ‘आधी हार्डटेलवर सोसा’ असे मी सांगत नाही. पडण्याची भीती बसली तर तो सायकलच सोडून देईल.

मला कंबरदुखी आहे. फुल सस्पेन्शनने फरक पडेल का?

सीटवर बसून चालवताना लागणारे धक्के नक्की कमी होतात, आणि ज्यांची कंबर त्याच धक्क्यांनी दुखते त्यांना फरक जाणवतो. परंतु सीटची उंची, हँडलचे अंतर किंवा फ्रेमचे माप चुकले असेल तर शॉक काही करू शकत नाही. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, मग माप तपासून घ्यावे आणि खरेदीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

शर्यतीत उतरायचे आहे. शर्यतीचे लोक तर हार्डटेलच वापरतात ना?

पूर्वी वापरत असत. क्रॉस कंट्री शर्यत १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आली आणि पुढे बरीच वर्षे हलकी हार्डटेल हेच शर्यतीचे वाहन मानले जात होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांची शर्यत हॅडली फार्मच्या दगडी मार्गावर झाली. तिथे फुल सस्पेन्शनवर बसलेल्या चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने हार्डटेलवरच्या स्विस निनो शुर्टरला शेवटच्या वळणांत अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले. चार वर्षांनी रिओमध्ये सुवर्णपदक जिंकणारा शुर्टर स्वतः फुल सस्पेन्शनवर होता. मार्ग जसजसे खडतर होत गेले तसतशा सायकली बदलत गेल्या. आपल्याकडच्या स्थानिक शर्यती मात्र पुष्कळदा कच्च्या रस्त्यांवरून आणि शेतवाटांवरून जातात. तिथे हलकी हार्डटेल अजूनही वेगवान ठरते आणि तिला खर्चही कमी येतो.

रोज ऑफिसला जायचे आणि रविवारी टेकडीवर. मग?

हार्डटेल. शहरातल्या खड्ड्यांसाठी आणि गतिरोधकांसाठी मागच्या शॉकची गरज नाही. शिवाय हार्डटेलला कॅरिअर आणि मडगार्ड सहज बसतात.

हार्डटेलच थोडी मऊ करता येते का?

येते, आणि तो उपाय सर्वांत स्वस्त आहे. फ्रेममध्ये जागा असेल तर मागे २.४ ते २.६ इंचांचा टायर घालावा आणि तो ट्यूबलेस करावा. सत्तर किलोच्या सायकलस्वाराला मागे साधारण २४ ते २६ आणि पुढे २१ ते २२ पीएसआय हवा पुरते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटून फाटते. ट्यूबलेसचा आपल्याकडे आणखी एक मोठा फायदा म्हणजे बाभळीचे काटे. एकदा टेकडीवरून परतल्यावर मी मागच्या टायरमधून अकरा काटे चिमट्याने उपटले. प्रत्येक भोकातून सीलंटचा, म्हणजे टायरमध्ये भरलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा थेंब आला, क्षणभर फसफसला आणि बंद झाला. ट्यूब असती तर त्या दिवशी घरापर्यंत चालत यावे लागले असते. सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे.

जुनी फुल सस्पेन्शन सायकल स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

तपासून घेतली तर नव्या हार्डटेलच्या किमतीत फार चांगली सायकल मिळू शकते. सीट धरून मागचे चाक जमिनीपासून जेमतेम उचलावे आणि खाली टेकवावे. हाताला टक् असा खेळ जाणवला तर पिव्हटची बेअरिंग किंवा शॉकच्या टोकाची बुश झिजली आहे. शॉकच्या आणि फोर्कच्या चकचकीत दांड्यांवर नख फिरवावे. नख अडकेल इतकी चर असेल तर तिथून तेल गळणार, आणि तो भाग बदलण्याचा खर्च मोठा आहे. वेल्डच्या कडेला, विशेषतः सीटच्या नळीजवळ आणि खालच्या मुख्य पिव्हटजवळ, रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल सोडून द्यावी. गिअर धरणारा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तो मिळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे, कारण पडल्यावर सर्वांत आधी तोच वाकतो.

दुकानासमोर एक चक्कर मारून निर्णय घेता येईल का?

येणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर हार्डटेल चपळ वाटते, फुल सस्पेन्शन लोळल्यासारखी वाटते आणि दोन्ही अंदाज फसवे असतात. दुकानदाराकडे किंवा मित्राकडे दोन तासांसाठी सायकल मागावी, सॅग आपल्या वजनाला जुळवावा, टायरमध्ये आपली नेहमीची हवा ठेवावी आणि ज्या वाटेवर तुम्ही खरोखर रविवारी जाता त्याच वाटेवर जावे. तोच अर्धा किलोमीटर तीनदा चढावा आणि तीनदा उतरावा. तिसऱ्या उतारानंतर थांबून बोटे उघडझाप करून पाहावीत. ती आखडली असतील, तर दोष मागच्या चाकाचा होता की हँडल फार घट्ट धरल्याचा, हे दुसरी सायकल त्याच वाटेवर तीनदा उतरवली की कळते.